तपकिरी डागांचं भाकीत

मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीपासून मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि पुढे मूत्रमार्गाच्या सुरुवातीपर्यंत एकाच जातीचं अस्तर पसरलेलं असतं. त्याला युरोथेलियम म्हणतात. मूत्राशयाचे सुमारे ९० टक्के कर्करोग याच अस्तरात उगवतात. अस्तराच्या एकूण कर्करोगांपैकी ५ ते १० टक्के वरच्या भागात, म्हणजे मूत्रवाहिनीत किंवा मूत्रपिंडाच्या पोकळीत आढळतात. नाव एक असलं तरी या आजाराची वागणूक दोन तऱ्हांची आहे. मूत्राशयाच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांत गाठ अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात थांबलेली असते. ती दुर्बिणीतून खरवडून काढता येते, पण पुन्हा पुन्हा उगवते, आणि रुग्णाला वर्षानुवर्षं तपासणीच्या फेऱ्या माराव्या लागतात. उरलेल्यांत गाठ स्नायूपर्यंत पोचलेली असते आणि तिथे प्रश्न जिवाचा होतो. पहिल्या गटातला कोणता रुग्ण पुढे दुसऱ्या गटात जाणार, आणि दुसऱ्या गटातला कोणता रुग्ण कोणत्या उपचाराने वाचणार, हे आधी कळावं म्हणून गेली अनेक दशकं धडपड चालू आहे.

आज दवाखान्यात यासाठी जे वापरलं जातं ते साधं आहे. २००६ साली युरोपातल्या संशोधकांनी सात चाचण्यांमधल्या २,५९६ रुग्णांची माहिती एकत्र करून कोष्टकं तयार केली. गाठी किती, केवढ्या, आधी किती वेळा परतल्या, किती खोल गेल्या, शेजारी सपाट पसरलेला कर्करोग आहे का, आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात, एवढ्या सहा गोष्टींना गुण द्यायचे. त्यावरून एका वर्षात गाठ परतण्याची शक्यता १५ टक्क्यांपासून ६१ टक्क्यांपर्यंत, आणि पाच वर्षांत आजार खोलवर जाण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमीपासून ४५ टक्क्यांपर्यंत निघते. या सहांत एकही रेणू नाही. कोष्टकं उपयोगी आहेत यात शंका नाही. पण ४५ टक्क्यांच्या गटात बसलेल्या रुग्णाला आपण त्या पंचेचाळिसांत की उरलेल्या पंचावन्नांत, हे कोष्टक सांगू शकत नाही. म्हणून नजर पेशीच्या आत वळली आणि तिथे पहिल्यांदा भरली ती विकरं, म्हणजे एन्झाइम्स.

विकरांवर भरवसा ठेवण्यामागचा तर्क पटण्यासारखा आहे. पेशीत जे काही घडतं ते विकरांच्या हातून घडतं. अस्तराखाली चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनची एक पातळ चटई असते. ती विरघळवल्याशिवाय गाठ खाली उतरू शकत नाही, आणि ते काम मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज २ आणि ९ ही विकरं करतात. सायक्लोऑक्सिजनेज-२, म्हणजे कॉक्स-२, निरोगी अस्तरात जवळपास नसतंच आणि गाठीत दिसू लागतं. टेलोमरेज हे विकर गुणसूत्रांची टोकं झिजू देत नाही, त्यामुळे पेशी थकत नाही. केमो किंवा रेडिएशनने डीएनए तुटला तर तो सांधणारी विकरं वेगळी. मग पहिल्याच दिवशी काढलेल्या तुकड्यात यांपैकी एखादं किती आहे हे मोजलं, तर गाठीचा स्वभाव कळायला हवा.

मोजण्याची रूढ रीत इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची. फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या तुकड्याचा काही मायक्रॉन जाडीचा काप काचपट्टीवर घेतात. हव्या त्या विकराला चिकटणारं प्रतिपिंड त्यावर सोडतात आणि चिकटलेल्या जागी तपकिरी रंग उमटेल अशी रासायनिक सोय करतात. पॅथॉलॉजिस्ट रंगाची गडदता शून्य ते तीनमध्ये आणि रंगलेल्या पेशींचं प्रमाण टक्क्यांत लिहितो. दोन्ही मिळून शून्य ते तीनशेपर्यंतचा एक आकडा येतो. त्या आकड्यावर कुठेतरी रेघ मारून रुग्णांचे ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे गट पाडायचे आणि दोन्ही गटांतले लोक किती काळ जगले याचे आलेख काढायचे. आलेख एकमेकांपासून फाकले की नवा भाकीतदर्शक सापडला असं म्हणायचं. असे निबंध शेकड्यांनी आहेत. तरीही मूत्राशयाच्या कर्करोगात आज जवळपास कोणत्याही विकराच्या तपकिरी रंगावरून नेहमीचा उपचार ठरत नाही. याचं कारण विकरांचं जीवशास्त्र खोटं आहे हे नाही. तीन वेगवेगळे प्रश्न एकच समजले गेले, हे त्याचं कारण आहे: विकराचा आणि आयुष्याचा काही संबंध दिसतो का, तेच मोजमाप दुसऱ्या हातून तसंच येतं का, आणि ते कळल्याने उपचार बदलतो का. पहिल्याचं ‘हो’ मिळालं की उरलेल्या दोघांचंही मिळालं असं धरून चालण्याची सवय लागली.

याचं सगळ्यांत शिकवणारं उदाहरण एमआरई११ या विकराचं आहे. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की तुटलेली टोकं छाटून सांधण्याजोगी करण्याचं काम ते करतं. रेडिएशन, ज्याला आपल्याकडे अजूनही ‘शेक देणं’ म्हणतात, पेशी मारतं ते अशाच तुटण्यातून. इंग्लंडमधल्या लीड्स इथल्या संशोधकांनी २०१० साली स्नायूपर्यंत पोचलेल्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये डीएनए-दुरुस्तीशी निगडित अनेक प्रथिनं तपासली. केवळ रेडिएशन घेतलेल्या ८६ रुग्णांत एमआरई११ तेवढं ठळकपणे उठून दिसलं. ते जास्त असलेले सुमारे ६९ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर या कर्करोगाला बळी पडलेले नव्हते, आणि कमी असलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होतं. संशोधक तिथेच थांबले नाहीत. दुसऱ्या ९३ रुग्णांत त्यांनी तेच पुन्हा तपासलं आणि उत्तर तेच आलं. शिवाय मूत्राशय काढून टाकलेल्या ८८ रुग्णांत एमआरई११ चा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे हे विकर नुसतं आयुष्य सांगत नव्हतं, रेडिएशन कोणाला लागू पडेल हे सांगत होतं. २०१२ साली डेन्मार्कमधल्या रुग्णांतही तसंच दिसलं.

या शोधाचं मोल समजायला रुग्णासमोरची निवड नीट पाहायला हवी. मूत्राशय काढायचं म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, बहुतेकदा आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट काढून देणं, आणि जन्मभर पिशवी. दुसरी वाट म्हणजे गाठ खरवडून, केमोसोबत रेडिएशन देऊन मूत्राशय वाचवणं. निवडक रुग्णांत दोन्ही वाटांचे निकाल जवळपास सारखे दिसतात, पण त्यांची समोरासमोर कसोटी कधी नीट झालेली नाही. ब्रिटनमध्ये चिठ्ठी टाकून रुग्ण वाटण्याचा प्रयत्न झाला, तर तिथे पुरेसे रुग्ण मिळेनात आणि चाचणी ४५ जणांवरच गुंडाळावी लागली. असं पाऊल चिठ्ठीवर सोडायला माणूस तयार नसतो, आणि ते समजण्यासारखं आहे. अशा ठिकाणी खरवडलेल्या तुकड्यातलं एक विकर ‘तुमच्या गाठीवर रेडिएशन चालेल’ असं सांगू शकलं, तर भाकीतदर्शकाकडून याहून जास्त काय मागायचं?

म्हणूनच ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी ही तपासणी रोजच्या वापरात आणण्यासाठी जे केलं ते मला मूळ शोधाइतकंच मोलाचं वाटतं. रंगवण्याचं काम त्यांनी यंत्रावर घातलं, गुण कसे द्यायचे याची नमुनापत्रकं बनवली आणि दोन मोठ्या चाचण्यांतले जपून ठेवलेले तुकडे तीन केंद्रांतल्या तज्ज्ञांना तपासायला दिले. २०१९ साली निकाल जाहीर झाला. तिन्ही केंद्रांच्या गुणांमधलं एकमत दाखवणारा कॅपा हा निर्देशांक फक्त ०.३२ आला, पूर्ण एकमत असेल तर तो १ असतो आणि केवळ योगायोगाने जुळत असेल तर शून्य. एका चाचणीतले १३२ आणि दुसरीतले २२१ नमुने पाहूनही एमआरई११ चा आयुष्याशी संबंध दिसला नाही. रंगवण्याची रीत सुधारून पुन्हा पाहिलं तेव्हा तज्ज्ञांचं एकमत वाढलं, पण भाकीत काही हाती लागलं नाही. ज्यांनी मूळ शोध लावला होता त्यांच्यातलेच लोक या कामात होते आणि आपला दर्शक खरा ठरला नाही हे त्यांनी स्वच्छ शब्दांत छापलं. विज्ञानात याला फार कमी टाळ्या मिळतात, आणि मिळायला हव्यात.

या गोष्टीत आणखी एक गाठ आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. एमआरई११ दुरुस्ती करतं, तर ते जास्त असलेल्या गाठीने रेडिएशनला जास्त दाद न देण्याची अपेक्षा होती. पहिल्या निकालात उलटं दिसलं होतं, आणि मग त्याला साजेशी स्पष्टीकरणं शोधली गेली. निकाल सरळ आला असता तर ‘अपेक्षेप्रमाणेच’ असं म्हटलं गेलं असतं. दोन्ही बाजूंनी कारण सापडत असेल, तर त्या कारणाने पुराव्याला बळ मिळत नाही. भाकीतदर्शकांच्या निबंधांत शेवटी येणारा ‘संभाव्य यंत्रणा’ हा परिच्छेद वाचताना हे लक्षात ठेवावं.

मोजमाप फसतं कुठे, हे फुप्फुसाच्या कर्करोगातल्या एका प्रकरणाने उघडं पाडलं, आणि त्याचा मूत्राशयाशी थेट संबंध आहे, कारण दोन्हीकडे सिसप्लॅटिन हेच मुख्य औषध. सिसप्लॅटिनने डीएनएवर झालेली इजा कापून काढणाऱ्या जोडीत ईआरसीसी१ हे प्रथिन असतं. कापण्याचं काम त्याचा जोडीदार एक्सपीएफ करतो. २००६ साली ७६१ गाठी तपासून असं मांडलं गेलं की ज्यांच्यात ईआरसीसी१ नाही त्यांनाच या केमोचा फायदा होतो. मूत्राशयाच्या कर्करोगातही लगेच तसे अभ्यास सुरू झाले. २०१३ साली त्याच संशोधकांनी त्याच नावाच्या प्रतिपिंडाची नवी खेप घेऊन काम पुन्हा केलं, तर जुना निकाल येईना. मग बाजारात मिळणारी १६ प्रतिपिंडं तपासली गेली. ईआरसीसी१ चार रूपांत बनतं, त्यांतलं एकच रूप दुरुस्तीचं काम करतं, आणि त्या रूपाला वेगळं ओळखणारं प्रतिपिंड त्या सोळांत एकही नव्हतं. काचपट्टीवर तपकिरी रंग होता, पण तो कामाच्या प्रथिनाचा की बिनकामाच्या, हे सांगायची सोयच नव्हती.

मोजमाप अचूक झालं तरी संख्याशास्त्राचा सापळा उरतोच. ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांच्यामधली रेघ कुठे मारायची? अनेकदा सगळ्या जागा चाचपून जिथे आलेख सर्वांत जास्त फाकतात तिथे ती मारली जाते. १९९४ साली संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की असं केल्याने खोटा संबंध खरा दिसण्याची शक्यता ठरलेल्या ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. त्यात न जुळलेले निकाल छापलेच जात नाहीत ही सवय मिळवा. २००७ साली कर्करोगाच्या भाकीतदर्शकांवरच्या निबंधांची मोठी पाहणी झाली, तेव्हा दहांतल्या नऊहून जास्त निबंधांनी ‘लक्षणीय’ निकाल मिळाल्याचं म्हटलेलं होतं. एवढे दर्शक खरोखर चालत असते तर रुग्णालयांत त्यांची रांग लागली असती. अशा निबंधांत नेमकं काय काय सांगायलाच हवं याची ‘रिमार्क’ नावाची नियमावली २००५ पासून आहे, आणि ती पाळली गेली असती तर निम्मा गोंधळ टळला असता.

याहून खोल अडचण अशी की विकर वाढलेलं असणं ही पुष्कळदा वेगळी बातमी नसतेच. वेगाने विभागणाऱ्या पेशीला साखर जाळणारी, चरबी बनवणारी, डीएनएचे घटक जुळवणारी शेकडो विकरं जास्त लागतात. त्यांतलं कोणतंही एक निवडा, ते जास्त असलेली गाठ वाईट वागेल. पण ती वाईट वागते ते वेगाने वाढते म्हणून, आणि तो वेग सूक्ष्मदर्शकातून आधीच दिसलेला असतो. २०११ साली बेल्जियमच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगात हे फार सुंदर दाखवलं. जेवणानंतर हसण्याने बदलणाऱ्या जनुकांचा संच किंवा मानसिक ताण दिलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या जनुकांचा संच घेतला, तरी तो रुग्णांच्या आयुष्याचं भाकीत करताना दिसला. यादृच्छिक निवडलेले बहुतेक मोठे संचही तसेच. मागे लपलेली पेशींच्या वाढीची लाट बाजूला काढली की बरंचसं भाकीत ओसरलं. मूत्राशयाच्या गाठींसाठी एखादं नवं विकर पुढे येतं तेव्हा विचारायचा प्रश्न हाच: खोली, पेशींची प्रत आणि वाढीचा वेग कळल्यानंतरही हे विकर काही नवं सांगतं का?

यावर कोणी म्हणेल की मग स्तनाच्या कर्करोगात एचईआर२ कसं चाललं? तेही प्रथिनच आहे, टायरोसिन कायनेज म्हणजे विकरच आहे, आणि तेही तपकिरी रंगानेच मोजतात. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचं उत्तर त्याच्यातच दडलंय. एचईआर२ ज्या गाठींत वाढतं तिथे त्याच्या जनुकाच्या प्रती अनेक पटींनी वाढलेल्या असतात. त्यामुळे वाढलेलं आणि न वाढलेलं यांच्यात बहुतेकदा खरोखरची दरी असते, आणि शंका आली तर जनुक मोजून ती फेडता येते. ‘वाढलेलं आहे’ या उत्तराला १९९८ पासून ट्रास्टुझुमॅब हे नेमकं औषध आहे. एवढं असूनही २००७ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी नियम घालून दिले तेव्हा त्यांचाच अंदाज होता की होत असलेल्या तपासण्यांपैकी सुमारे २० टक्के चुकीच्या असाव्यात. मूत्राशयातल्या बहुतेक विकरांना ना अशी दरी आहे, ना नेमकं औषध, ना नियम.

दुसरा आक्षेप असा की प्रतिपिंडांवर भरवसा नसेल तर जनुकाचा संदेश, म्हणजे आरएनए, मोजावा. तो यंत्राने नेमका मोजता येतो. पण एमआरई११ च्याच बाबतीत मूत्राशयाच्या गाठींत संदेशाचं आणि प्रथिनाचं प्रमाण जुळत नसल्याचं दिसलं आहे. टेलोमरेजच्या बाबतीत मात्र हा मार्ग जास्त आशादायक ठरला. त्याच्या मुख्य घटकाच्या जनुकापुढच्या नियंत्रक भागात झालेले बदल मूत्राशयाच्या बहुतेक गाठींत सापडतात, आणि इतक्या सर्रास असलेल्या बदलावरून रुग्णारुग्णांत भेद करणं अवघड जातं. पण २०१५ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या कामात असं दिसलं की या विकराच्या संदेशाचं वाढलेलं प्रमाण दोन वेगळ्या रुग्णगटांत वाईट निकालाशी जोडलेलं होतं. म्हणजे प्रमाण मोजण्याला अर्थ आहे, फक्त काय मोजायचं हे प्रत्येक विकरापुरतं नव्याने सिद्ध करावं लागतं.

कधी प्रमाणापेक्षा विकराचं मोडलेलं असणं जास्त बोलतं. २०१४ साली शस्त्रक्रियेआधी सिसप्लॅटिन दिलेल्या ५० रुग्णांचा अभ्यास झाला. औषधाने गाठ नाहीशी झालेले किंवा अगदी वरवरची उरलेले २५ आणि दाद न दिलेले २५. ईआरसीसी२ या डीएनएची वीण उलगडणाऱ्या विकराच्या जनुकातले बदल पहिल्या गटातल्या नऊ जणांत सापडले, दुसऱ्यात एकाही नाही. पुढे वेगळ्या रुग्णगटातही ते टिकलं. इथे तर्क आणि निकाल एका दिशेने जातात: दुरुस्ती करणारं हत्यार मोडलं की औषधाची इजा टिकते. तपकिरी रंग पाहून हे कळलं नसतं, कारण मोडलेलं विकर पेशीत हजर असूच शकतं.

कॉक्स-२ ची कथा आणखी एका समजुतीला धक्का देते. गाठीत दिसतं आणि निरोगी अस्तरात नसतं, म्हणजे तेच दोषी असणार, आणि ते अडवलं की आजार परतणार नाही, अशी आशा होती. कॉक्स-२ अडवणारं सेलेकॉक्सिब तयारच होतं. ब्रिटनमधल्या ४७२ रुग्णांच्या ‘बॉक्सिट’ चाचणीत दोन वर्षं ते देऊन पाहिलं, आणि गाठ परतण्याला लागणारा वेळ वाढला नाही. चिन्ह असणं आणि कारण असणं यांत फरक आहे. उलट बाजूला एफजीएफआर३ आहे. हेही कायनेज. त्याच्या जनुकातले बदल वरवरच्या, सौम्य गाठींत सर्रास दिसतात आणि सुरुवातीच्या काळात ते चांगल्या भवितव्याचं लक्षण मानले गेले. पण ज्यांचा आजार पसरला आहे अशांत तेच बदल औषधाचं लक्ष्य ठरले आणि २०१९ साली अमेरिकेत एर्डाफिटिनिबला मान्यता मिळाली. ‘चांगलं चिन्ह की वाईट’ हा प्रश्न कोणत्या टप्प्यावर विचारला यावर उत्तर ठरतं.

राहिला तो माणुसकीचा आक्षेप: उपचार बदलो न बदलो, आपलं काय होणार हे जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क नाही का? आहे, निःसंशय आहे. म्हणूनच त्याला कच्चं भाकीत देऊ नये. तीन तज्ज्ञ ज्या काचपट्टीवर एकमताने गुण देऊ शकत नाहीत, तिच्यावरून ‘वाईट भवितव्य’ हे शब्द अहवालात उतरले, तर घरातल्या माणसांचे पुढचे महिने त्या शब्दांभोवती फिरतात. त्या ओझ्याच्या बदल्यात हाती काही पडत नसेल तर ते लादण्याचं समर्थन करता येत नाही. गाठ किती खोल आहे आणि नमुन्यात स्नायूचा तुकडा आला आहे की नाही, या जुन्या बाबी अहवालात नीट लिहिल्या गेल्या, तर रुग्णाला आज त्यातून जास्त कळतं.

एमआरई११ चं प्रकरण अजून मिटलेलं नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या मूत्राशय वाचवण्याच्या जुन्या चाचण्यांमधले जपलेले नमुने पुन्हा तपासले गेले. या वेळी माणसाच्या डोळ्याऐवजी संगणकाने प्रकाशाची तीव्रता मोजली, आणि एकूण प्रमाणाऐवजी पेशीकेंद्रातलं विकर आणि बाहेरचं विकर यांचं गुणोत्तर पाहिलं. डीएनए केंद्रातच असतो, तेव्हा दुरुस्तीचं विकर तिथे आहे की बाहेर पडून आहे हे विचारणं जास्त शहाणपणाचं आहे. ज्यांच्यात हे गुणोत्तर कमी होतं त्यांचा निकाल वाईट दिसला. ही रेघही त्याच नमुन्यांतून काढलेली आहे, आणि तिला आता अनोळखी नमुन्यांवर, दुसऱ्या प्रयोगशाळेत, आधी ठरवून टिकावं लागेल. ईआरसीसी२ याच्या एक पाऊल पुढे गेलं आहे. त्याचे आणि आणखी तीन जनुकांचे बदल पाहून, केमोनंतर गाठ न उरलेल्या रुग्णांचं मूत्राशय न काढता फक्त लक्ष ठेवायचं, अशी ‘रिटेन’ नावाची चाचणी अमेरिकेत झाली. तिने आधीच लिहून ठेवलेली सुरक्षिततेची मर्यादा थोडक्यात हुकली. अनेकांचं मूत्राशय वाचलं, काहींचा आजार परतला, आणि दोन्ही गोष्टी जशाच्या तशा छापल्या गेल्या.